वाक्याचा स्वर आणि त्याचीं चिन्हें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील एका सातवीच्या विद्यार्थ्यास घरून चिठ्ठी आली. आजकाल चिठ्ठ्या कोण लिहितो, असें कोणी विचारील. परंतु वसतिगृहांत मुलांजवळ फोन राहूं देत नाहींत, आणि बाजाराच्या दिवशीं गांवाकडून येणाऱ्या माणसाच्या हातीं चार ओळी पाठविण्याची चाल आमच्या भागांत अजून मोडलेली नाहीं. चिठ्ठी त्याच्या तिसरींत शिकणाऱ्या धाकट्या बहिणीनें लिहिली होती. आई पंधरवडाभर तापानें अंथरुणास खिळली होती, हें मुलास ठाऊक होतें. चिठ्ठींतील मजकूर असा होता:

दादा आतां आई बरी नाहीं काळजी करण्यासारखें कांहीं बाबा शनिवारीं तुला न्यायला येतील

आरंभापासून अखेरपर्यंत एकहि चिन्ह नाहीं. मुलानें तें असें वाचलें: दादा, आतां आई बरी नाहीं. काळजी करण्यासारखें कांहीं. बाबा शनिवारीं तुला न्यायला येतील. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. आम्हीं त्याच्या घरीं फोन करून पाहिला; तो लागला नाहीं, आणि पावसाच्या दिवसांत त्या खोऱ्यांत तो सहसा लागत नाहीं. शेवटीं सकाळच्या पहिल्या एस.टी.नें त्याला एका शिक्षकांबरोबर घरीं पाठविलें. ते दोघे पोहोंचले तेव्हां आई चुलीपुढें बसून भाकऱ्या थापीत होती.

मुलीस लिहावयाचें होतें तें असें: दादा, आतां आई बरी. नाहीं काळजी करण्यासारखें कांहीं. बाबा शनिवारीं तुला न्यायला येतील. शब्द तेच, शब्दांचा क्रमहि तोच; फक्त एक टिंब एका शब्दाच्या अलीकडे पडावयाचें तें पलीकडे पडलें, तेंहि कागदावर नव्हे, वाचणाऱ्याच्या मनांत. बरोबर गेलेल्या शिक्षकांनीं तिला विचारलें, “बाळ, चिन्हें कां दिलीं नाहींस?” ती म्हणाली, “चिन्हें व्याकरणाच्या वहींत द्यायचीं असतात.” आणि तिनें ती वही आणून दाखविली. तींत ‘योग्य विरामचिन्हें द्या’ ह्या प्रश्नाला दहापैकीं दहा गुण होते!

ही हकीकत आम्हांस कळली तेव्हां आधीं हंसूं आलें, आणि मग आलें नाहीं. दोष त्या मुलीचा नव्हता. आम्ही शिक्षक मंडळी चिन्हें शिकवितों तीं बहुधा नथ-बुगडीसारखीं शिकवितों. सणाला घालावयाचीं, एरवीं पेटींत ठेवावयाचीं. तीं कशासाठीं आहेत हें सांगावयाचें राहून जातें. म्हणून ह्या अंकांत त्याच विषयावर चार गोष्टी लिहाव्या असें ठरविलें. त्या विद्यार्थ्यांनीं तर वाचाव्याच, परंतु ज्यांच्या घरीं पहिली-दुसरींतलें मूल आहे अशा पालकांनीं अधिक लक्षपूर्वक वाचाव्या.

लहान मुलाला वाक्यांचे प्रकार शिकवावे लागतात, ही समजूतच मुळांत बरोबर नाहीं. दीड वर्षाचें मूल दारांत कुत्रें पाहून बोट दाखवितें आणि म्हणतें, “भूभू.” हें विधान झालें. बाहेर भुंकणें ऐकूं आलें, पण कुत्रें दिसत नाहीं, म्हणजे तें आईच्या तोंडाकडे पाहून म्हणतें, “भूभू?” हा प्रश्न झाला. कुत्रें एकदम अंगावर आलें कीं, “भूभू!” आणि शेजारच्या मुलाच्या हातांतील लांकडी कुत्रें हवें असेल तर हात पुढें करून, “भूभू दे.” विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी आणि आज्ञार्थी, असे चारहि प्रकार शाळेचें तोंड पाहण्यापूर्वीं मुलाच्या तोंडांत तयार असतात. त्याला ठाऊक नसतें तें एवढेंच, कीं कागदाला आवाज नाहीं. आपण बोलतों तेव्हां स्वर चढतो-उतरतो, भुंवया उचलतात, हात हालतात. ऐकणारा समोर असतो, आणि त्याला कळलें नाहीं तर तो पुन्हा विचारतो. कागद मात्र गांवाहून एकटाच येतो. त्याच्याबरोबर बहिणीचा आवाज येत नाहीं. त्या आवाजाची जी थोडीशी खूण कागदावर ठेवतां येते, तिलाच विरामचिन्ह म्हणावयाचें.

आमच्या प्राथमिक विभागांत आम्ही एक खेळ करून पाहिला. फळ्यावर ‘बाबा आले’ एवढेच दोन शब्द लिहावयाचे, चिन्ह कांहींच द्यावयाचें नाहीं. मग एकेका मुलाला बोलावून त्याच्या कानांत सांगावयाचें, कीं तूं हें आजीला नुसतें कळव; तूं हें विचार; तूं हें आनंदानें ओरड. तो तसें म्हणतो, आणि वर्गानें ओळखावयाचें. एकदां ओळखलें म्हणजे आम्ही फळ्यावर ‘बाबा आले.’ ‘बाबा आले?’ ‘बाबा आले!’ असें तीनदां लिहितों आणि विचारतों, कीं आतां हीं तीन वाक्यें कोणी मोठ्यानें न बोलतां वेगळीं कशीं ओळखाल? ह्या प्रश्नाचें उत्तर सहा वर्षांचें मूल देतें. व्याख्या पाठ करविण्याचें काम उरतच नाहीं; प्रकारांचीं नांवें मागाहून सावकाश सांगितलीं तरी चालतें. एके वर्षीं एका मुलानें, आम्हीं न सांगतां, चौथाच प्रकार करून दाखविला. त्यानें मान खालीं घातली आणि दबक्या आवाजांत “बाबा आले” असें म्हटलें. सारा वर्ग एकाएकीं चिडीचूप झाला. “सर, ह्याला कोणतें चिन्ह?” असें एका मुलीनें विचारलें. आम्हीं खरें तेंच सांगितलें, कीं चिन्हें थोडीं आहेत आणि माणसाचे आवाज पुष्कळ आहेत. जें चिन्हांत मावत नाहीं तें शब्दांनीं लिहावें लागतें. तसेंच त्या मुलाची मधल्या सुटींत निराळी विचारपूस केली, हें सांगणें नकोच.

आतां खरी अडचण. पुष्कळ ठिकाणीं मुलांस असा नियम घोकवितात, कीं वाक्यांत काय, कोण, कां, कधीं, केव्हां, कसा हे शब्द आले कीं शेवटीं प्रश्नचिन्ह द्यावें. नियम सोपा आहे, आणि चुकीचा आहे. ‘काय सुंदर फूल हें!’ ह्यांत ‘काय’ आहे, पण प्रश्न नाहीं. ‘कधीं एकदां सुट्टी लागते!’ ह्यांत ‘कधीं’ आहे, पण बोलणाऱ्याला तारीख नको आहे. ‘तो कोण आहे हें मला ठाऊक नाहीं.’ ह्यांत ‘कोण’ आहे, तरी तें सरळ विधान आहे. येथें प्रश्नचिन्ह देणारीं मुलें आम्हांस दहावीच्या वर्गांतसुद्धां दरवर्षीं भेटतात. उलट ‘बाबा आले?’ ह्यांत प्रश्नाचा एकहि शब्द नाहीं आणि प्रश्न मात्र पुरा आहे. ‘का’चें तर विचारूंच नये. ‘तूं येतोस का?’ ह्याचें उत्तर हो किंवा नाहीं. ‘तूं कां येतोस?’ ह्याचें उत्तर एक लांबलचक कारण. शब्द जागेवरून हालला आणि प्रश्नच बदलला.

तेव्हां आम्ही शब्द शोधावयास सांगत नाहीं. आम्ही मुलांस विचारतों, “हें बोलून झाल्यावर बोलणारा उत्तराची वाट पाहतो का?” वाट पाहत असेल तर प्रश्नचिन्ह. ह्या कसोटीवर एका चौथीच्या मुलानें आम्हांस पेंचांत धरिलें. तो म्हणाला, “आजी म्हणते, ‘बाळा, पाणी देतोस का?’ मी नुसतें ‘हो’ म्हणून बसून राहिलों तर ती रागावेल. मग तो प्रश्न कसा?” प्रश्न मार्मिक होता. रूप प्रश्नाचें, हेतु आज्ञेचा. वर्गांत बराच वाद झाला. शेवटीं एक मुलगी म्हणाली, “आजीला उत्तर हवंच आहे, पण तें पाण्याच्या तांब्यांत हवं आहे.” आम्हीं प्रश्नचिन्ह कायम केलें.

आज्ञार्थी वाक्याविषयीं एक गोष्ट आमच्या भाषेची म्हणून सांगण्यासारखी आहे. धाकट्या भावाला ‘ये’, काकांना ‘या’, पाहुण्यांना ‘यावें’, आणि मैत्रिणीला ‘ये ना’; बोलावणें एकच, पण क्रियापदाच्या रूपावरूनच समोर कोण उभें आहे तें कळतें. एवढें काम रूप करीत असल्यामुळें चिन्हावर फारसा भार पडत नाहीं. साध्या आज्ञेपुढें, विनंतीपुढें पूर्णविरामच द्यावा. ‘दार लाव.’ ‘कृपया रांगेंत उभे राहा.’ येथें उद्गारचिन्ह दिलें तर वाक्य ओरडूं लागतें. हल्लीं फोनवरील संदेशांत एकापुढें एक तीन-तीन उद्गारचिन्हें देण्याची खोड मुलांस लागली आहे, आणि खरें सांगावयाचें तर पालकांसहि लागली आहे. जो प्रत्येक वाक्य ओरडून बोलतो त्याच्या घराला खरोखर आग लागली तर तो काय करणार, असें आम्ही वर्गांत विचारतों.

हीं चिन्हें आपल्या भाषेंत फार जुनीं नाहींत, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. ओव्या-अभंगांत एक दंड किंवा दोन दंड देत. परंतु रोजच्या व्यवहाराचें लिहिणें मोडींत असे, आणि मोडीची रीत अशी, कीं आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि तिला लागून अक्षरें सलग लिहीत जावयाचें. शब्द कोठें तुटला, वाक्य कोठें संपलें, हें वाचणारानें आपलें आपण ताडावयाचें. तरीहि शेंकडों वर्षें राज्यांचे व्यवहार त्यांत चालले. एक तर मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर येऊन थांबतें, म्हणून शेवट कानाला कळतो. दुसरें, कांहीं ठराविक शब्दच चिन्हांचें काम करीत. ‘विज्ञापना ऐसीजे’ असें आलें कीं आतां मुख्य मजकूर सुरू होणार. ‘बहुत काय लिहिणें’ असें आलें कीं पत्र आटोपत आलें. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ असा लहानसा शिक्का आढळतो. मजकुराची मर्यादा येथें संपली, ह्यापुढें कोणी कांहीं घुसडूं नये, असा त्याचा अर्थ. आमचे विद्यार्थी त्याला महाराजांचा पूर्णविराम म्हणतात, आणि आम्ही त्यांस अडवीत नाहीं. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां पत्रांतील एका अक्षरानें घात केला असें लोक सांगत आले. ‘ध’चा ‘मा’ ही म्हण त्यावरूनच पडली. खरेंखोटें इतिहासकार जाणोत. लिहिलेल्या खुणेचें भय लोकांच्या मनांत किती होतें, हें मात्र त्या म्हणीवरून दिसतें.

पुढें इंग्रजी अमदानींत छापखाने आले, शाळा निघाल्या, आणि क्रमिक पुस्तकें घरोघर एकट्यानें वाचलीं जाऊं लागलीं. समोर गुरुजी किंवा पुराणिक नाहीं, वाचणारा एकटा. तेव्हां चिन्हांची गरज भासूं लागली. मेजर थॉमस कँडी ह्या इंग्रज गृहस्थांनीं मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामीं हात लावला होता. त्यांचें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक १८५० सालीं निघालें, आणि इंग्रजी वळणाचीं चिन्हें मराठींत रुजविण्याचें श्रेय त्यांसच देतात. तेव्हांपासून मराठी गद्याच्या शेवटीं टिंब आलें. दंड पद्यापुरता उरला. आमचे शेजारी हिंदी लिहिणारे गद्यांतहि दंड देतात, म्हणून आमचीं मुलें हिंदीच्या तासाला टिंब आणि मराठीच्या तासाला दंड देऊन मोकळीं होतात. ही चूक आम्ही हंसून सोडून देतों. थांबावयाचें कोठें हें मुलाला कळलें आहे. खूण कोणत्या भाषेची एवढीच गफलत झाली.

स्वल्पविरामाला मात्र हंसून चालत नाहीं. तो श्वास घेण्यासाठीं आहे, असें सांगतात. तसें असतें तर मैदानांतून धांवत आलेल्या मुलानें प्रत्येक शब्दापुढें तो द्यावा लागला असता. तो श्वासासाठीं नाहीं, अर्थासाठीं आहे. ‘आजी आजोबांना बोलाव’ हें वाक्य घ्या. ‘आजी, आजोबांना बोलाव.’ येथें आजीला हांक मारून आजोबांना बोलावण्यास सांगितलें. ‘आजी-आजोबांना बोलाव.’ येथें दोघांनाहि बोलावावयाचें आहे आणि सांगितलें आहे तिसऱ्याच कोणाला. वर्गांत हें वाक्य आम्ही अभिनय करून दाखवितों. एक मुलगी आजी होते, एक मुलगा आजोबा, आणि ज्यानें चिन्ह चुकविलें त्यानें दोघांचें बोलणें ऐकून घ्यावयाचें.

अवतरणचिन्हांची गरज मराठीला इंग्रजीहून अधिक आहे, असें आमचें मत आहे. इंग्रजींत दुसऱ्याचें बोलणें सांगतांना ‘मी’चा ‘तो’ होतो, काळ बदलतो. आपण मात्र दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलतों. त्यामुळें रजेच्या अर्जांत आम्हांस असें वाक्य वाचावयास मिळालें: ‘आई म्हणते मी आजारी आहे म्हणून आज शाळेंत येणार नाहीं’. आजारी कोण, मुलगा कीं आई? दुसऱ्या दिवशीं कळलें, कीं मुलगा ठणठणीत होता आणि आईला पाणी भरून देण्यासाठीं घरीं राहिला होता. ‘आई म्हणते, “मी आजारी आहे.” म्हणून मी आज शाळेंत येणार नाहीं.’ एवढें लिहिलें असतें तर आम्हीं त्याच्यावर ताप घेतल्याचा संशय घेऊन त्याला दवाखान्याची चिठ्ठी मागितली नसती. त्या दिवशीं त्या मुलाची क्षमा मागण्याची पाळी आमच्यावर आली.

मोठ्या वर्गांतील मुलांस आम्ही ह्याच संदर्भांत पवित्र शास्त्रांतील एक ठिकाण दाखवितों. नव्या कराराच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत, चौथ्या शतकांतील सुद्धां, शब्द सलग लिहिलेले आहेत. आपण आज वापरतों तशीं विरामचिन्हें त्यांत नाहींत. लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायांत वधस्तंभावरील पश्चात्तापी अपराध्यास प्रभूनें सुखलोकाचें अभिवचन दिलें आहे. त्या वाक्यांत ‘आज’ हा शब्द अशा जागीं आहे, कीं तो मागल्या शब्दांकडे ओढला तर ‘मी तुला आज सांगतों’ असें होतें, आणि पुढल्यांकडे ओढला तर ‘आजच तूं माझ्याबरोबर असशील’ असें होतें. बहुतेक भाषांतरकारांनीं दुसरा अर्थ घेतला, कारण त्या ग्रंथाची बोलण्याची सर्वत्र धाटणी तशीच आहे. तथापि कांहींनीं पहिला घेतला, आणि त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मरणाऱ्या माणसाला आजचें वचन मिळालें कीं पुढें केव्हांतरीचें, हें एका स्वल्पविरामाच्या जागेवर येऊन ठेपतें. हें ऐकल्यावर चिन्हें परीक्षेपुरतीं असतात, असें कोणी मूल सहसा म्हणत नाहीं.

पालकांनीं घरीं काय करावें, असें आम्हांस सभेंत विचारतात. वह्या तपासूं नयेत, एवढें पहिलें. मुलानें लिहिलेल्या चार ओळी त्याच्याच समोर मोठ्यानें वाचाव्या, आणि त्यानें जसें लिहिलें तसेंच वाचावें. जेथें चिन्ह नाहीं तेथें थांबूं नये, दम लागला तरी थांबूं नये. दुसऱ्याच ओळीला मूल ओरडतें, “अहो, तिथं थांबायचं!” मग पेन्सिल त्याच्या हातीं द्यावी. ज्या घरीं आजीला लिहितां येत नाहीं तेथें तर फारच सोय आहे. आजीनें सांगावें आणि नातवानें लिहावें, मग त्यानें तें आजीला वाचून दाखवावें. आजी म्हणेल, “मी असं बोललें नव्हतें,” आणि ती बहुधा शब्दांविषयीं बोलत नसेल. घाई मात्र करूं नये. पहिल्या दोन वर्षांत पूर्णविराम व प्रश्नचिन्ह पक्कें झालें तरी पुष्कळ झालें. उद्गारचिन्ह आणि स्वल्पविराम तिसरी-चौथींत, अवतरणचिन्हें त्यानंतर. अर्धविराम आणि अपूर्णविराम ह्यांच्या वाटेला प्राथमिक शाळेंत जाऊंच नये; मोठमोठे लेखक ज्यांना बिचकतात, तीं ओझीं आठ वर्षांच्या खांद्यावर कशाला?

गेल्या महिन्यांत त्या सातवीच्या, म्हणजे आतांच्या आठवीच्या, मुलाला बहिणीची नवी चिठ्ठी आली. त्यानें ती आपण होऊन आम्हांस आणून दाखविली. ‘दादा, आई बरी आहे. शेळी व्याली. दोन पिल्लें झालीं. एक पांढरें आहे. तूं कधीं येणार? मी त्याचें नांव ठेवलें नाहीं. तूं आल्यावर ठेवूं.’ प्रत्येक टिंब तिनें इतक्या जोरानें दाबून दिलें होतें, कीं कागद उजेडाकडे धरला तेव्हां सहा ठिकाणीं भोंकें दिसलीं.